आईच्या बापाचा हिरा

माझ्या आईला सासरी 'काचवाल्याची' म्हणत. म्हणजे काचवाल्याची लेक. तिच्या बापानं लग्नात तिच्या नाकात एका खड्याची चमकी घातली आणि व्याह्यांना सांगितलं, हा हिरा आहे. सासरच्यांनी तो पाहिला, नाकं मुरडली आणि ही काच आहे असं ठरवून टाकलं. तेव्हापासून दूध उतू गेलं तरी काचवाल्याची, भाकरी करपली तरी काचवाल्याची. तिला मुलगा झाला नाही, मी एकटीच झाले, तेव्हाही तेच. पुढं माझं लग्न औंढ्याला झालं, देवळाच्या वाटेवर बांगड्यांचं दुकान असलेल्या घरात. तेव्हा शिरड शहापूरच्या माझ्या आत्यानं, म्हणजे आईच्या धाकट्या नणंदेनं, मांडवातच म्हटलं, "काचवाल्याची नात काचंतच पडली." मी उठून उत्तर द्यायला निघाले होते, नवरी असूनसुद्धा. आईनं माझा शालू धरून मला खाली बसवलं.

मी तोंडाळ आहे. बांगड्यांच्या दुकानात बसणारी बाई मुकी असून चालत नाही. गिऱ्हाईक हात आखडून घेतं, 'दुखतंय' म्हणून ओरडतं आणि वर भाव पाडून मागतं. त्या हाताशी बोलत बोलत बांगडी चढवावी लागते. आई मात्र आयुष्यभर गप्प बसली. तिच्या वाट्याचं बोलणंही देवानं मलाच दिलं असावं.

तो खडा काच आहे हे सासरच्यांनी कसं ठरवलं, ते आईनं मला कितीदा तरी सांगितलं आहे. नवी सून घरात आली की तिच्या अंगावरचा दागिना न् दागिना बघायचा, ही रीत तर सगळीकडेच. पण त्यांच्या घरात हिरा कुणी पाहिलाच नव्हता. खरा हिरा अंधारात दिव्यासारखा चमकतो, एवढंच सगळ्यांनी ऐकलेलं. म्हणून सासूनं आईची चमकी काढून घेतली, जाऊबाया, शेजारणी सगळ्यांना धान्याच्या खोलीत नेलं, खिडकीला गोणपाट लावलं, दार ओढून घेतलं आणि चमकी एका उलट्या डब्यावर ठेवली. सगळ्याजणी अंधारात डोळे फाडून बघत राहिल्या. काही चमकलं नाही. कुणीतरी फस्सकन हसलं. दार उघडलं तेव्हा आईचा बाप खोटारडा ठरला होता.

तो होता माळी. निजामाच्या काळात हैदराबादेत एका मोठ्या घराण्याच्या बागेत कामाला होता. ते लोक शहर सोडून निघाले तेव्हा घरच्या म्हाताऱ्या बेगमेनं त्याला हा खडा दिला, तुझ्या लेकीच्या लग्नात घाल म्हणून. त्यानं तो जिवापलीकडे जपून आणला आणि लेकीच्या नाकात घातला. "माळ्याला हिरा कोन देतो गं?" असं आईची सासू विचारायची.  आई एवढंच म्हणायची, "माझा बाप खोटं बोलत न्हाई."

बाबा गेले तेव्हा आईनं चमकी काढली. नाकाचं छिद्रही ओघळून फाटायला आलं होतं. नंतर ती माझ्याकडे औंढ्याला राहायला आली, आणि ती चमकी कापसात गुंडाळून तिच्या पेटीत पडली. मी दुकानात दिवसभर काच हाताळते, पण ती चमकी नीट उजेडात धरून बघायची मला कधी इच्छा झाली नाही. खरं सांगायचं तर भीती वाटायची. खडा अगदी मेलेला दिसायचा, पावसाळी डबक्यासारखा काळपट.

मागच्या वर्षी नात्यातल्या एका लग्नात आत्या भेटली. आता चांगली म्हातारी झाली आहे, पण जिभेला गंज चढलेला नाही. पंगतीत चार बायकांसमोर आईला म्हणाली, "वैनी, नाक काहून मोकळं? काचंची का हुईना, शोभत व्हती तुला."

आई हसल्यासारखं करून ताटात बघत राहिली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येताना जीपमध्येच मी जाहीर केलं, "उद्या हिंगोलीला जायचं. सराफाकडून तपासून घ्यायचं. एकदाचा निकाल लागू दे."

"न्हाई," आई म्हणाली.

"काहून न्हाई?"

 बाहेर बघत ती हळूच म्हणाली, "आतापत्तर मी म्हनते हिरा हाय, ते म्हनतात काच हाय. बराबरी हाय. तिथं काच निघाली तर माझा बाप पुना मरंल. आन् ह्या बारीला मी मारलेला असंल."

 इतकी वर्षं मला वाटायचं की आईची पक्की खात्री आहे. तिची खात्री नव्हती. तिचा बापावर विश्वास होता, आणि त्या विश्वासाला धक्का लागू नये म्हणून ती जपून राहत होती.

पुढचे कितीतरी दिवस मी विषय काढला नाही. माझ्या स्वभावाला ते किती जड गेलं, हे माझ्या नवऱ्याला विचारा. एका सकाळी आईच पेटी उघडून बसलेली दिसली. अंगावर बाहेर जायचं पातळ होतं. म्हणाली, "मी मेल्यावर तू जाऊन तपासशीलच. तुझा काय भरोसा. मंग माझ्या डोळ्यांदेखत तपास." मी दुकानाचं शटर अर्धं वर केलं होतं, ते तसंच खाली ओढलं.

हिंगोलीच्या सराफाच्या दुकानात शिरलो तेव्हा आईनं चमकी मुठीत घट्ट धरली होती. सराफ माझ्यापेक्षा वयानं लहान, बोलायला गोड. चमकी बघून म्हणाला, "ताई, ठेवून जा. निवांत बघतो, उद्या या."

"ठेवून काही जायचं नाही," मी म्हटलं. आमच्याकडे सोनाराला दागिना देतात तो डोळ्यांसमोर. आटवायचा असला तरी घरचं एक माणूस भट्टीशेजारी ठाण मांडून बसतं, चहा तिथंच पितं. सराफालाही त्याची सवय असावी. हसून त्यानं दोन खुर्च्या पुढं सरकवल्या.

त्यानं पेनासारखं एक यंत्र काढलं आणि त्याचं टोक खड्याला लावलं. यंत्र पीं करून वाजलं. "वाजलं!" मी ओरडले. "म्हणजे हिरा ना?"

"थांबा ताई. ह्यासारखाच दिसणारा दुसरा खडा येतो, त्यालाही कधीकधी वाजतं. आता तर कारखान्यात केलेले हिरेसुद्धा येतात. हा मागून बंद आहे, खालून काहीच दिसत नाही. कोंदण उघडून खडा बाहेर काढावा लागेल." मग आईकडे वळून म्हणाला, "आजी, जुनं काम आहे. काढताना खड्याला काही झालं तर मला बोलायचं नाही."

मी आईकडे बघितलं. उठून जाऊ या म्हणाली असती तर मी गेले असते. शपथेवर सांगते. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "काढा."

मागच्या खोलीत जडाईचं, म्हणजे खडे बसवायचं काम करणारे एक चाचा बसत. त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या हिंगोलीत ह्याच कामात आहे. त्यांनी बारीक छिन्नीनं सोन्याची कड उचलायला घेतली. आई त्यांच्या हातावर नजर खिळवून उभी होती, बसा म्हटलं तरी बसली नाही. शेवटी खडा सुटला आणि त्याच्यामागून काळ्या पापुद्र्याचा चुरा खाली पडला.

"हा बघा तुमचा चोर," चाचा म्हणाले. "जुन्या कामात खड्याच्या मागं चांदीचा वर्ख लावतात, उजेड परत यावा म्हनून. तोंड धुताना पानी आत गेलं, वर चुलीचा धूर. वर्ख काळा पडला. अंधाऱ्या विहिरीत बसला व्हता बिचारा."

साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन, पुसून त्यांनी खडा सराफाच्या तळहातावर ठेवला. सराफानं तो चिमट्यात धरला, डोळ्याला भिंग लावलं आणि दुकानाच्या दाराशी उजेडात गेला. खडा फिरवून फिरवून बघत राहिला. मला त्या माणसाच्या पाठीत गुद्दा घालावासा वाटला.

मग तो वळला. "आजी, हिरा आहे. अस्सल. जमिनीतून निघालेला."

 मीच विचारलं, "कशावरून? कारखान्यातला नाही कशावरून?"

"त्याचे पैलू बघा ना. सगळे सारखे नाहीत, एक मोठा, एक तिरका. हा हातानं घासलाय, जुन्या काळी. आताचे यंत्रावरचे एका मापाचे असतात. आणि काच असती तर इतक्या वर्षांत कडा झिजून गुळगुळीत झाल्या असत्या. ह्याच्या कडा अजून धारदार आहेत. थोडी पिवळसर झाक आहे, तेवढं एक."

"पिवळा बिवळा काई न्हाई," आई ताडकन म्हणाली. खड्याची खात्री पटल्यानंतरचं तिचं ते पहिलं वाक्य. आम्ही सगळे हसलो. मग ती म्हणाली, "पन बाबा, अंधारात चमकला न्हाई तो. आमच्या सासूनं दार लावून बघितलं व्हतं."

"आजी, पार अंधारात कोणताच हिरा चमकत नाही. त्याला उजेड लागतो. बाहेरून आला तर तो परत देतो."

आई खाली बसली. खुर्चीत नाही, जमिनीवर, भिंतीला टेकून. आणि रडली. मी तिला इतकं मोकळं रडताना बाबा गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं. मीही रडले, लाज कसली त्यात. सराफ किंमत सांगायला लागला तर आईनं हात वर करून त्याला थांबवलं. "ते नगं सांगू. हिरा हाय, बास झालं."

आता नाकात तर तो घालता येणार नव्हता. अंगठी करू, असं सराफच म्हणाला, आणि मोबाइलवर नाजूक नाजूक नमुने दाखवायला लागला. "नातीला द्यायची असेल ना?"

"मला," आई म्हणाली आणि तिनं उजवा हात पुढं केला. जन्मभर निंदणी-खुरपणी केलेला, गाठी पडलेला हात. मापाच्या कड्यांच्या जुडग्यातली सगळ्यात मोठी कडी तिच्या बोटाच्या पेरावरून कशीबशी उतरली. तयार अंगठी येणारच नव्हती. सराफ म्हणाला, संगणकावर नमुना करून बाहेरगावाहून ओतून आणतो, काम एकदम सफाईदार येतं. नाहीतर इथं चाचा हातानं करतील.

"बाहेरगावाला न्हाई जायाचा तो," आई म्हणाली. "हितंच. माझ्या म्होरं."

मग आमचं दोघींचं भांडण झालं, भर दुकानात. माझं म्हणणं, खडा खाली दाबून सभोवती सोन्याची कड घ्यायची. पदर अडकत नाही, पीठ भरत नाही, हिरा पडायची भीती नाही. आई म्हणाली, उंच बसवा, सोन्याच्या दातांवर, आणि मागून पूर्ण उघडा ठेवा.

"अडकंल ना आई सगळीकडं! भाकरी करताना काय करशील?"

"काढून ठेवीन. न्हाईतर तू कर भाकरी. आता त्याच्यामागं कायबी लावायचं न्हाई. लई दिवस कोंडला त्याला."

चाचांनी माझ्याकडे बघून खांदे उडवले. "बराबर बोलत्यात. दात जाडजूड करतो, तकलीफ न्हाई होनार." मी हरले. आयुष्यात आईशी भांडून मी इतक्या आनंदानं कधी हरले नव्हते.

सोनं कुठलं घ्यायचं म्हटल्यावर आईनं कमरेची पिशवी काढली. त्यात तिचे झुबे होते, कानातले, लग्नात सासूनं घातलेले. म्हणजे ती घरून निघताना ते घेऊन निघाली होती! वरवर घाबरलेली, आणि पिशवीत झुबे. मी बघतच राहिले. ती म्हणाली, "हे आटवा. सासरच्या सोन्यानं आता माझ्या बापाचा हिरा उचलून धरायचा."

सराफानं झुबे कसोटीच्या दगडावर घासले, वर तेजाबाचा थेंब सोडला. रेघ बघता बघता विरायला लागली. त्यानं दुसरीकडे घासून पाहिलं, तिथंही तेच. अवघडून म्हणाला, "आजी, वाईट वाटून घेऊ नका. ह्यात तांबं बरंच आहे."

 मग आईला हसू फुटलं. आधी पदरात, मग पदर बाजूला टाकून. "काचवाल्याची म्हनत व्हते मला," ती सराफाला सांगत होती, डोळ्यांतून पाणी गळत होतं. "हे तांबंवाले!" तांबं काढून जे सोनं उरलं ते अंगठीला पुरलं. मी दुकान बंद ठेवलं, आई आणि मी चाचांसमोर बसून राहिलो, आणि शेवटचा दात दाबून त्यांनी हात झटकला तेव्हा आईनं अंगठी घालून हात उजेडात धरला. तो खडा असा पेटला की शेजारच्या गिऱ्हाइकानं मान वळवून पाहिलं. आईनं त्या परक्या बाईला आपणहून सांगितलं, "माझ्या बापानं दिलेला हाय."

औंढ्याला उतरल्यावर ती घराकडे वळेना. "शिरडची गाडी कधी हाय?" म्हणाली.

आत्याचं घर तिच्या माहेरच्याच गावात, म्हणजे आईच्या सासरच्या गावात. आम्ही गेलो तेव्हा अंगणात वाळलेल्या हळदीचा ढीग होता आणि सुना, रोजानं आलेल्या बाया हळद निवडत बसल्या होत्या. आत्या बाजेवर बसून सगळ्यांना सूचना देत होती. आईला बघून म्हणाली, "ये वैनी. आज वाट चुकली का?"

आईनं उजवा हात तिच्यापुढं केला. उन्हं उतरती होती, सरळ अंगणात येत होती. आत्यानं हात धरला, इकडून तिकडून बघितला. मी तोंडाशी पंचवीस वाक्यं तयार ठेवली होती. सराफ काय म्हणाला, पैलू कसे तिरके, कडा कशा धारदार.

एकाचीही गरज पडली नाही. आत्या हात सोडून म्हणाली, "माला काय दाखवती? हिराच हाय तो. आमाला म्हाईत व्हतं."

हळदीवरचे हात थांबले.

"काय म्हाईत व्हतं?" आईनं विचारलं.

आत्याला आपण काय बोलून गेलो ते कळलं, पण आता शब्द माघारी जाणार नव्हता. मग तिनं सांगितलं, मान खाली घालून. आई नवी नवरी असताना तिचे सासरे चमकीची दांडी वाकली म्हणून ती दुरुस्तीला हिंगोलीला घेऊन गेले होते. तिथल्या सराफानं त्यांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी घरी येऊन बायकोला सांगितलं. "माय म्हनली, गप बसा. तिला कळलं तर सून डोक्यावर बसंल. मी ल्हान व्हते, चुलीपाशी बसून आयकलं."

मला काही सुचेना, आणि नंतर एकदम सगळंच सुचलं. "आत्या, लाज नाही वाटली तुला? माहीत असून माझ्या आईला जन्मभर..." मी किती बोलले ते आता आठवत नाही. आवाज वाड्या-वस्त्यांवर गेला असेल. आईनं माझ्या दंडाला धरून मला थांबवलं.  तिला एकच गोष्ट विचारायची होती.

"वन्सं, ह्यांना म्हाईत व्हतं?"

ह्यांना म्हणजे माझ्या बाबांना. 

"न्हाई," आत्या लगेच म्हणाली. "दादाला कुनीच सांगितलं न्हाई. त्याला कळलं असतं तर त्यानं त्याच रातीला तुला सांगितलं असतं. म्हनून तर सांगितलं न्हाई."

आईनं डोळे मिटले, लांब श्वास घेतला. उघडले तेव्हा मी तिला ओळखलं नाही. ताठ उभी होती, पदर नीट खांद्यावर, आणि तोंडावर असा उजेड की काय सांगू. म्हणजे तिचा बाप खरा होता, तिचा नवराही खरा होता, आणि खोटे कोण ते ह्या अंगणात सगळ्यांनी ऐकलं होतं.

"मंग आता मोठ्यानं म्हना वन्सं," ती म्हणाली. "ह्या बायांना नीट आयकू जाऊ द्या."

आत्या इकडेतिकडे बघत राहिली. सुना तिच्याकडे बघत होत्या. शेवटी ती पुटपुटली, "हिच्या बापानं हिराच दिला व्हता."

"माझ्या बापाला नाव हाय," आई म्हणाली. "तुमच्या घरात त्याचं नाव कुनी घेतलं न्हाई कधी. नाव घेऊन म्हना."

मला वाटलं आत्या आता उठून आत जाईल. गेली नाही. तिनं बाजेची कड धरली आणि त्या माळ्याचं नाव घेतलं. त्याचं, त्याच्या बापाचं, आडनावासकट, गावासकट. म्हणजे तिला ते सगळं पाठ होतं. आई तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होती, शेवटचं अक्षर बाहेर पडेपर्यंत. आणि मग त्या अंगणात, सासरच्या त्याच गावात, जिथं ती सून म्हणून जन्मभर खाली मान घालून वावरली, तिथं माझी आई मोठ्यानं हसली.